उभा बोर्ड

चौदा महिने बाम चोळला, उशी काढली, उशी घातली,
खरं डावीकडून हाक आली की
अजून अख्खा माणूस वळावा लागतो.

कॉलेज रोडच्या सेंटरात ईरय्यानं खिसे रिकामे करवले:
किल्ल्या, बक्कल, कानावरची पेन्सिल.
‘अल्लाडबेड्री,’ म्हणाला. मग माझ्यासाठी,
‘हलू नका काका.’
हलतोय कशाला?
शिडीवर एकतीस वर्षं हेच केलं की,
मान मागं, श्वास रोखून
एका दमात शिरोरेषा.

बोगद्यात धडधड.
जुना बोर्ड सरळ करायला
पत्रा बडवतंय कोणीतरी.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं:
सात मणके, एकाखाली एक.
अरुंद दुकानाचा उभा बोर्ड.
पाचव्या-सहाव्यातली गादी बाहेर आलीय,
नस दबतेय, म्हणाल्या.
मला कळलं.
जागा मोजायला चुकलं की शेवटची अक्षरं अशीच
एकमेकांच्या अंगावर येतात.

‘वर बघायचं काम बंद.’

खडेबाजारात माझ्या हातचे कितीतरी,
एका पत्र्यावर दोन लिप्या,
काही मीच लिहून मीच पुसलेले.
कुठली वर, कुठली खाली, किती इंच,
ते दुसरेच ठरवायचे.
मान दोन्हींसाठी सारखीच मोडली.

पाकिटावर नाव छापलंय यल्लप्पा.
मी यल्लोजी.
पेन्सिल परत मागून घेतली,
पाकीट भिंतीला डोळ्यांसमोर धरलं
आणि दुरुस्त केलं, सावकाश.

ईरय्या वाकून बघत होता.
‘अक्षर छलो ऐत्री,’ म्हणाला.