माले येस

कापडण्याच्या शाळेत गुरुजी विचारायचे, कोणाला येतं?
प्रश्न फळ्यावर पुरता उतरायच्या आत
मी उभा. माले येस!
आणि सत्तावीस डोकी माझ्याकडे वळायची,
जणू उत्तर माझ्याच खिशात, शेंगांसारखं.

आठवीला धुळ्यात आलो. वर्गात बासष्ट.
पहिल्याच तासाला म्हणालो, माले येस,
हसू मागच्या बाकापर्यंत गेलं, परत आलं.
गणित बरोबर होतं. ते कोणी पाहिलं नाही.
मीही नाही.

चाचणीत एकतिसावा.
तीच समीकरणं, तोच मी,
पण हात आता कोपरापर्यंतच उठतो,
मग डोकं खाजवल्यासारखं करतो.

परवा शेजारच्या मालपुरेची वही पाहिली
आणि माझं उत्तर खोडलं.
त्याचं चुकलेलं निघालं.

खोडरबराचा चुरा फुंकताना
वैजू बोरसे आठवली.
चौथीत माझ्या मागे बसायची.
पाटीवर काहीतरी लिहायची, माझ्या पाटीत डोकवायची,
आणि ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकायची.
मी सगळ्यांना सांगायचो, हिले काहीच येत नही.

काय लिहायची ती,
एकदाही मागे वळून वाचलं नाही.