वाकळ

मोरी म्हणजे बाजारात मिळते ती नव्हे,
न्हाणीतली तर नव्हेच.
मोरी म्हणजे बस्त्यावची कुत्री,
राखाडी, चपट्या नाकाची,
पोहताना पाठ तेवढी पाण्यावर.
मस्कतला टगबोटीवर जाताना
माझ्या शिलाई मशीनपाशी बांधून गेला,
दोन वर्सां फकत, म्हणाला.
सोबत तिची वाटी आणि एक वाकळ.

मार्गशीर्षात ती खाजवायला लागली.
मानेवर थेंब सोडले, साडेतीनशेचे,
महिनाभर हमखास, असं खोक्यावर लिहिलेले.
अकराव्या दिवशी पुन्हा तेच.
मग पट्टा, कुडाळहून.
मग गोळी, पेडव्याच्या पोटात लपवून.
पेडवा खाल्ला. गोळी उंबऱ्यावर, स्वच्छ चाटलेली.
मग ज्याने त्याने सांगितलेलं
करंजेल, निगडीचा पाला,
आणि रुक्मीकाकी म्हणाली, खाऱ्या पाण्यात बुचकळ.
निवतीच्या खडपापाशी बुचकळली.
पिसवा पोहायला शिकल्या असाव्यात.

पांढऱ्या पॉपलिनचा तुकडा ओला केला,
तिच्या पोटाखाली धरून फणी फिरवली.
मिरपुडीसारखे काळे कण पडले
आणि कापडावर हळूहळू लाल झाले.

डॉक्टर तांडेल बुधवारी येतात,
म्हशी आटोपल्या की कुत्री.
मोरीकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही.
विचारलं, झोपते कुठे?
म्हणाले, अंगावर दिसतात त्या मूठभर,
बाकीचं सगळं गाव तुमच्या घरात आहे.
अंडी फटीत, कोष चिंध्यांत.
कोषाला औषध लागत नाही.
आत बसून राहतात महिनोन्महिने.
जमीन थरथरली
की समजतात कुणीतरी आलं,
आणि बाहेर पडतात.

मी दिवसाचे आठ तास
पायाने मशीन चालवते.

रात्री परातीत साबणाचं पाणी, वर दिवा टांगलेला.
उजेडाकडे उड्या मारतात, बुडतात.
समुद्रात या धंद्याला बंदी आहे,
एलईडीवरून बंदरावर डोकी फुटली.
माझ्या पडवीत अजून गस्तीची बोट आली नाही.
पहिल्या रात्री बत्तीस.

राहिली वाकळ.
मीच शिवलेली, तीन पदरी,
त्याच्या जुन्या शर्टांची, दुकानातल्या उरल्यासुरल्याची.
पैसे घेतले होते, मोजून.
वजनात बसेना म्हणून ठेवून गेला.
उकळून भागेना. आतल्या पदरात पाणीच शिरेना,
इतकी दाट शिवली होती,
काही गरज नसताना.
शेवटी ब्लेड घेऊन उसवायला बसले.
टाक्याटाक्याखाली पांढरी धूळ,
धुळीत केसाएवढ्या अळ्या.
निळ्या चौकडीचा शर्ट. बाही.
खिसा तसाच आत शिवला गेलेला,
खिशात तांबोशीचं खवलं, नखाएवढं.
तुकडा तुकडा हंड्यात उकळला,
कातळावर वाळत घातला,
उडू नये म्हणून प्रत्येकावर धोंडा.
मोरी एकेका तुकड्यापाशी नाक नेऊन आली.
परत एकदा गेली. परत आली.
वास नव्हता.

बत्तीस, अठरा, सात, नऊ, तीन.
मग पुन्हा अकरा.
त्या दिवशी लग्नाचे ब्लाउज होते, मशीन फार चाललं.

काल फोन आला.
मोरी कशी आसा?
सांगितलं, पिसवो झाले हुते, वाकळ उसवलंय.
थोडा वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, तिका झाले की तुका?
आणि हसला.
मी फोन खांद्यात धरून
घोटा खाजवत होते.