परतीचा रकाना

फेरो बेटांतल्या क्वान्नासुंदच्या बंदर-कचेरीत,
दोन हजार दोन सालच्या फेब्रुवारीत,
आमचं भांडण झालं ते रुंदीवरून.
बोटींचं वेळापत्रक घरोघरच्या पडद्यावर दिसायला हवं होतं.
हानुसने विचारलं, पान किती रुंद?

हानुस आधी मासेमारीच्या जहाजावर होता.
त्याला वाटलं, यात काय एवढं,
जाळ्याची आस ठरवतात तसंच.
"बारीक आस घेतलीस तर कचराही येतो,
मोठी घेतलीस तर पोरंसोरं निसटतात.
काय सोडून द्यायचंय ते आधी ठरव."
मी हसले. तेव्हा.

माझ्याकडे आकडे होते.
आठशे बाय सहाशे: शंभरातले बावन्न.
एक हजार चोवीस: चाळीसच्या वर, आणि महिन्यागणिक चढते.
सहाशे चाळीस: चार.
चार म्हणजे कपाच्या तळाशी उरलेली साखर,
असं काहीतरी मी म्हणाले
आणि पान आठशेवर आखलं.
खरं तर सातशे साठवर,
कारण उजवीकडची सरकपट्टी आपला वाटा आधीच काढून घेते,
घरमालकासारखी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण इथे अंथरूण दुसऱ्याचं,
कुठल्या खोलीत, कुठल्या दिव्याखाली घातलंय
ते मी पाहिलेलंच नाही,
आणि पाय मात्र माझे.

रकाने चार.
वार. निघायची वेळ. पोचायची वेळ.
आणि अगदी उजव्या कडेला, परतीची.
वर निळी पट्टी. हानुसला तो निळा आवडला,
म्हणाला, मे महिन्यातल्या समुद्रासारखा,
जो आम्हाला वर्षातून सहा दिवस मिळतो.

एप्रिलात स्वीनोय बेटावरून फोन आला.
मार्युन. वय एकोणऐंशी.
भाच्याने दिलेला जुना मॉनिटर, कपाटाएवढा खोल,
आणि मावशीला अक्षरं मोठी दिसावीत म्हणून
त्यानेच सहाशे चाळीसवर लावून दिलेला.
"परतीच्या बोटी बंद केल्यात, ठीक आहे," ती म्हणाली,
"माणसंच उरली नाहीत इथे, मला कळतं.
पण निदान सांगायचं तरी."

दोनदा तिने दाताच्या डॉक्टरची वेळ मोडली होती,
एकदा बहिणीकडचं जेवण.
जायला बोट होती. यायला नव्हती.
या वयात दुसऱ्याच्या घरी रात्र काढायची
म्हणजे औषधं, उशी, पायमोजे,
अर्धं घरच उचलून न्यायचं.

मी म्हणाले, खालची पट्टी उजवीकडे सरकवा.
ती म्हणाली, कुठली पट्टी?
फोनमध्ये वारा घोंगावत होता,
तिच्याकडचा की आमच्याकडचा, कोण जाणे.
"पान तिथेच संपतं, मुली. मी बघतेय ना."

स्वीनोयवर तेव्हा पन्नासेक माणसं असतील.
पन्नासांचे चार टक्के: दोन.
दुसरं कोण, ते मी कधी शोधलं नाही.

त्याच रात्री परतीचा रकाना उचलला
आणि निघायच्या वेळेखालीच आणून ठेवला,
एकाच चौकटीत, जाणं आणि येणं.
पान अरुंद झालं.
माझ्या मोठ्या पडद्यावर ते आता डाव्या कोपऱ्यात
अंग चोरून बसतं
आणि उजवीकडे सगळं निळं, रिकामं.
बेढब दिसतं, हानुस म्हणाला.
दिसतंच.

मे महिन्यात मार्युन आली, दात दाखवून परत जाताना
कचेरीत डोकावली.
मी मोठ्या उत्साहाने तिला पान दाखवलं,
ही बघा तुमची बोट, साडेतीनची.
तिने मान तिरकी करून पाहिलं,
मग मॉनिटरची मागची बाजू पाहिली, तारा पाहिल्या.
"छान आहे," म्हणाली.
"कागदावर आहे का?"

मी छापून दिलं.
तिने चार घड्या घालून ते पाकिटात ठेवलं
आणि धक्क्याकडे निघाली,
बोटीला अजून तास होता.