आवाज बघशील

खामगावहून निघताना वैशालीने यादी दिली होती:
पाणी दोन वेळ, दवाखाना जवळ, तिसरा मजला नको,
शाळा चालत जाता येईल अशी.
आणि खाली, दुसऱ्या पेनाने,
आवाज बघशील.

आवाज बघायचा असतो, हे आम्हाला
शाल्मलीच्या चौथ्या वर्षी कळलं.
तिचा डावा कान म्हणजे भिंतीवर रंगवलेली खिडकी.
चौकट आहे, गजही आहेत,
पलीकडे काही नाही.

धानोरीतला फ्लॅट मोठा होता, भाडं कमी.
एजंट धोत्रे बाल्कनीचं दार सरकवून काहीतरी म्हणाले
आणि वरून लढाऊ विमान गेलं.
ते तोंड हलवत राहिले, मी मान हलवत हसलो.
अशीच हसते ती,
वाक्य निसटलं की.

बाणेरला खिडकीसमोर चोवीस मजल्यांचा खड्डा.
"ड्रिलिंग दिवाळीपर्यंत, सर."
कुठल्या दिवाळीपर्यंत, ते मी विचारलं नाही.
कर्वेनगरात घरमालकांनी विचारलं, नॉनव्हेज?
म्हटलं, रविवारी अंडी.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
शांतता उत्तम होती,
पण ती भाड्यात धरलेली नव्हती.

साडूच्या अॅक्टिव्हावर मी पुणं कानाने फिरलो.
सिग्नलला हेल्मेट काढायचो, डाव्या कानात बोट घालायचो
आणि मोजायचो, किती उरतं.
मागचे हॉर्न द्यायचे.
ते मात्र सगळे उरायचे.

शाळांच्या फॉर्मवर रकाने होते:
मातृभाषा, जात, रक्तगट, आधार,
आईचं शिक्षण, वडिलांचं उत्पन्न,
आणि शेवटी 'इतर', त्यापुढे दीड इंच जागा.
दीड इंचात बारीक अक्षरात लिहायचो:
डावीकडच्या भिंतीलगत बसवावे, म्हणजे चांगला कान वर्गाकडे राहील.
एका ठिकाणी मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे सगळी मुलं सारखी.
दुसरीकडे स्विमिंग टँक दाखवला, रोबोट दाखवला,
घोडासुद्धा दाखवला.
घोडा तिला आवडला असता.

मेमधल्या शनिवारी ती माझ्यासोबत होती.
सहकारनगरमागची जुनी, सेमी-इंग्रजी शाळा,
जिन्यात खडूचा वास, ऑफिसात खडखडणारा पंखा.
पानवलकर बाईंनी फॉर्म वाचला. दीड इंच दोनदा वाचला.
मग उठल्या, पंखा बंद केला,
आपली खुर्ची उचलून टेबलाला वळसा घातला
आणि शाल्मलीच्या उजव्या हाताला येऊन बसल्या.
हे सगळं असं, जणू त्या रोज तिथेच बसतात.

"गावाला मैत्रीण कोण तुझी?"
"मले दोन हायेत. सुमय्या अन् ढोरेची पिंकी.
पिंकी कट्टी हाये सध्या."
बाईंनी 'मले' सुधारलं नाही.
कट्टी का, तेवढं विचारलं.
कारण लांबलचक होतं, त्यात एक शार्पनर होता, एक चुलत भाऊ होता.
माझ्या कपाळावरचा घाम फॉर्मवर पडला,
नेमका उत्पन्नाच्या रकान्यावर.
पंखा कुणी लावला नाही.

शाळेपासून सात मिनिटांवर दोन खोल्या मिळतात.
भाडं ठरवलं होतं त्याहून चार हजारांनी जास्त.
लिफ्ट नाही.
किल्ली धोत्र्यांकडून तासाभरासाठी मागून घेतली
आणि रात्री रिकाम्या खोलीत उभं राहून वैशालीला फोन लावला.
ती पहिलं तेच म्हणाली, आवाज?

फोन खिडकीबाहेर धरला.
तळजाईच्या बाजूला एक मोर ओरडून गप्प झाला होता.
खाली कुणीतरी सायकल स्टँडवर लावली.
मग बराच वेळ नुसती झाडं.

"काही ऐकू येत नाहीये," ती म्हणाली.
म्हटलं, तेच.

ती थोडा वेळ थांबली.
"आणि मजला कितवा?"