समोरची जागा

पुस्तक एक, आम्ही पाच.
न्यिरेंडा बाईंनी ते आंब्याखाली चटईवर ठेवलं,
म्हणाल्या, भांडा हवं तर, पण पान फाटता कामा नये.

लुसुंगू मधोमध, पुस्तक तिच्या मांडीवर.
डावीकडे वेझी, उजवीकडे खुंबो,
मागे गुडघ्यांवर तामांडा, हनुवटी लुसुंगूच्या खांद्याला टेकून.
उरली समोरची जागा.
मी उशिरा आलो होतो, जाळं सोडवून,
हाताला उसिपाचा वास घेऊन,
तेव्हा ती माझी.

मी अक्षरं पायांकडून शिकलो.
आधी त्यांची टाच दिसायची, मग गुडघा, डोकं शेवटी.
चित्रातली होडी आभाळातून चालायची
आणि तळ्यात पक्षी.
वेझीचं नाव मी वाळूत लिहिलं
ते माझ्याकडून उलटं, तिच्याकडून अगदी सुलट.
ती म्हणाली, अरे, हे तर मला वाचता येतंय!

नियम एकच होता, कुणी केला आठवत नाही:
पान उलटायचं ते सगळ्यांचं झाल्यावर.
वेझीचं लगेच व्हायचं. ती पाय हलवत बसायची,
मग कंटाळून खुंबोला सांगू लागायची,
आणि सांगता सांगता मध्येच अडायची,
"थांब, हे मलाच कळलेलं नाही."
खुंबो नेहमी शेवटचा.
"थांबा रे," म्हणायचा. आम्ही थांबायचो.

भागाकाराच्या दिवशी मात्र आम्ही चौघं थांबलो, तो नाही.
अठरा पेले मासे, सात घरं.
प्रत्येकी दोन, बाकी चार, असं पुस्तक म्हणालं आणि गप्प बसलं.
खुंबो म्हणाला, चार ज्यांची होडी आज गेली नाही त्यांचे.
बाई बराच वेळ फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.
परीक्षेत आम्ही पाचही जणांनी तेच लिहिलं
आणि पाचांचेही गुण गेले.

चौथीत लॉरी आली, खोकी उतरली.
ज्याला त्याला पुस्तक, कोऱ्या वासाचं.
त्या दिवशी आंब्याखाली इतकी शांतता
की पिकलेलं फळ पडलं तर सगळे दचकले.
मी माझं पुस्तक उघडलं, उलटं धरलं, वाचू लागलो.
तपासनीस हसले. मग चिडले.
त्यांनी ते माझ्या हातात सरळ करून दिलं
आणि मला एक ओळ येईना.
घशात काटा अडकावा तसं झालं.

लुसुंगू काही बोलली नाही.
उठली, माझं पुस्तक घेतलं,
समोर मांडी घालून बसली, ते मांडीवर ठेवलं.
बाकीचे तिघं आपली पुस्तकं मिटून सरकत आले.
मी घडाघडा वाचलं.
तपासनीसांनी वहीत काय लिहिलं
ते मात्र मला कळलं, मी त्यांच्यासमोरच उभा होतो:
"वर्ग गोंगाटाचा."

पुढे सुलट शिकलो. दोन महिने लागले, वेझीची चिकाटी लागली.

आता न्खाटा बे बंदरात खिडकीमागे मी तिकिटं लिहितो.
चिझुमुलूला जाणारी माणसं पलीकडून वाकून बघतात,
आणि मी नाव लिहितो ते त्यांच्या बाजूनं.
काल एक बाई एकेका अक्षरावर बोट ठेवत होती,
रांग कुरकुरत होती, भोंगा वाजून गेला होता.
"थांबा रे," ती म्हणाली.
मी पेन खाली ठेवलं.