घासाघीस

जुनी चहादाणी विकत घेताना आधी झाकण काढून पालथी घालायची.
तोटी, तोंड आणि कान,
तिघांनी एकाच वेळी टेबलाला टेकायला हवं.
मग झाकण काठावर हलकेच वाजवायचं.
घंटेसारखं वाजलं तर भट्टीत नीट भाजलेली,
खापरासारखं वाजलं तर
चहा न संपवता उठायचं.
वास सगळ्यात शेवटी.
बुटाच्या पॉलिशचा वास मी तीनदा विकत घेतलाय,
एकदा तर दोनशे वर्षांचा म्हणून,
पिनांगच्या एका अतिशय गोड माणसाकडून.

म्हणून ताइपिंगला निघालो ते दोन आकडे घेऊन:
एक तोंडाने सांगायचा,
एक दाताखाली धरायचा.

मादाम टाय यांचं घर कथलाच्या बंद खाणीमागे.
नवरा हॉक चुआन, भातगिरणीत काट्यावर.
"चाळीस वर्षं," त्या फोनवर म्हणाल्या होत्या,
"रोज पहाटे, गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी,
ह्याच एका चहादाणीतून.
कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.
मलासुद्धा."

आदल्या रात्री मला झोप नाही.
डोळे मिटले की त्या चहादाणीचं पोट दिसायचं,
पुटावर पुट चढलेला राप,
नुसतं गरम पाणी ओतलं तरी
चहा उतरेल असा.

त्यांनी ती चिनी वर्तमानपत्रातून सोडवली.
मुठीएवढी. डाळिंबाच्या सालीच्या रंगाची यीशिंगची माती.
तळाशी चार अक्षरं,
कोरणाऱ्याला कसलीही घाई नव्हती.
पालथी घातली. टेकली.
झाकण वाजवलं. वाजलं, आणि जरा वेळ वाजतच राहिलं.
मग नाक आत घातलं.

लिंबू.

भांड्यांच्या साबणातलं, हिरव्या बाटलीवरचं लिंबू.
आत काहीच नव्हतं.
कालच भट्टीतून निघाल्यासारखी कोरी माती.

"तुम्ही इतक्या लांबून येणार,
म्हटलं, मळकी कशी द्यायची?
तीन दिवस भिजत घातली. मग तारेचा काथ्या.
तोटीत बोट जाईना,
तर ह्यांचा दातांचा ब्रश होता अजून."

मी घासाघीस करायला आलो होतो.
ती होऊन गेली होती.

काय बोलायचं असतं अशा वेळी?
मी विचारलं, पाणी कसं निघालं?
"काळं!" त्यांचे डोळे मोठे झाले.
"पहिल्या दिवशी काळं, मग तांबूस, मग कुठे पिवळं.
एवढंसं भांडं, आणि केवढं साठवून बसलेलं.
मोरीत ओतायला गेले.
ओतवेना."
मागच्या दाराशी पोमेलोचं झाड होतं.
बुंध्याभोवती माती अजून ओली.

मी दाताखालचा आकडा सांगितला.
त्या म्हणाल्या, फार होतात.
मी म्हटलं, नाही होत.
त्यांनी शंभर रिंगिट कमी केले,
मी पन्नास वाढवले,
आणि आम्ही दोघंही
हरल्यासारखा चेहरा करून बसलो.
निघताना त्यांनी ती माझ्या हातात दिली,
पण लगेच सोडली नाही.
अंगठा कानावरून एकदा फिरवला,
नवीन ओळख झालेल्या माणसासारखा.

घरी पहिले सात-आठ आठवडे
तिक्वानयिनला लिंबाची चव.
ज्यांना दाखवली त्या जाणकारांनी मान हलवली:
गेली बिचारी, सव्वा लाखाची होती.
झाकली मूठ असती तर, मी म्हणालो नाही.
आता तळाशी एक फिकट कडा धरू लागलीय,
नखावरच्या चंद्राएवढी.
चाळीस वर्षांतलं हे पहिलं.
उरलेली मला मिळतील असं नाही.

परवा सूत लिंगनं ती उचलायला हात पुढे केला.
एकवीस वर्षांच्या संसारात माझ्या कपाटाला
ती पहिल्यांदाच हात लावत होती.
माझ्या तोंडात आलेलं वाक्य
मी ताइपिंगलाच ऐकलं होतं.

"झाकणावर बोट ठेव," म्हटलं,
"भोकावर नको. धार थांबते."