तीस फुटांची भिंत

तलावातल्या बेटावर बाग करायचं ठरलं
तेव्हा सरपंचबाईंनी मला बोलावून घेतलं.
धक्क्याजवळची भिंत दाखवली. म्हणाल्या,
“तीस फूट आहे, पेंटर. इथे समुद्र पाहिजे.
नारळ पाहिजेत. सूर्य अर्धा बुडालेला.
वर लिहा ‘चला बेटावर’,
लाल अक्षरं, पांढरी किनार.”

मी आजवर रंगवले ते
धानाच्या बियाण्याचे भाव, शाळेतले अ ते ज्ञ,
ट्रॉलीमागचे ‘आईचा आशीर्वाद’,
बोअरिंगजवळचं ‘पाणी जपून वापरा’.
समुद्र कधी रंगवला नव्हता.
पाहिलाही नव्हता.
माझी लांबची वाट नागपूरला संपली,
तीही डोळे तपासायला गेलो तेव्हा.

एक जुनं कॅलेंडर खिळ्याला टांगलं
आणि निळ्यात पांढरा कालवत
पहिल्या दिवशी सात फूट समुद्र केला.

सांजेला फुलवंता मारबते डोंगा बांधून वर आली.
लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, खांद्यावर जाळं.
भिंतीपुढे उभी राहिली.
“हे पानी कोनाचं होय?”
“समुद्राचं.”
“मंग मासोरी कोठं हाये?”

खरंच की.
सात फूट पाणी आणि त्यात जीव नाही.

मग ती सांगत गेली, मी काढत गेलो.
मरळीचं डोकं सापासारखं.
शिंगूरला मिशा, पण वाकड्या, रागातल्या.
दाडक पोटाकडून उजळ.
“बोटरी लहानच ठेव,
मोठी केली त बाया हासतीन मले.”

लाट मात्र तिलाही सांगता येईना.
“दुपारचा वारा सुटला का पारीवर येऊन बस,” म्हणाली,
“तुह्या डोऱ्यानं पाय.”

बसलो.
तलाव वाकत होता, उठत होता,
पुन्हा वाकत होता,
जशी रोवणीतल्या बायांची रांग
चिखलात वाकते, कंबर धरून उठते
आणि एकेक पाऊल मागे सरकते.
हेच काढलं.
तेवीस फुटांपर्यंत हेच काढत राहिलो.

नारळ काढायला गेलो तर हाताने शिंदी काढली.
हाताला तेवढंच झाड पाठ.
बेटावर लावलेले तीन खरे नारळ
एव्हाना चैत्राच्या उन्हाने शेंड्यांकडून करपले होते,
म्हणून कुणी काही बोललं नाही.
आकाशात पांढरे समुद्रपक्षी हवे होते.
मी सारसाची जोडी उतरवली, पाय लोंबते.

बाग सुरू झाली.
बेटावर दोन झोपाळे, सिमेंटचं हरीण,
एक बाक, त्यावर आमदारांचं नाव.
फुलवंताच्या गटाची नाव,
जाऊन-येऊन चाळीस रुपये, पोरांना वीस.
पोरं झोपाळ्यावर कमी
आणि भिंतीवरच्या मरळीच्या तोंडात हात घालून फोटोत जास्त.

एका रविवारी बँकेत बदलून आलेले साहेब आले,
मूळचे मुरुडकडचे.
भिंतीसमोर इतका वेळ थांबले
की नाव त्यांच्याशिवाय सुटली.
मी ब्रश धुवायचं निमित्त करून जवळच.
शेवटी म्हणाले,
“आमच्याकडे असा नसतो हो.”
मी मान खाली घातली.
ते आणखी पाहत राहिले.
“पण वारा,” म्हणाले, “वारा बरोबर आलाय.”
आणि चष्मा काढून
उगाचच शर्टाला पुसत बसले.

सत्तावीस फुटांवर निळा संपला.
नवा डबा आणायला गटाकडे पैसे नव्हते, माझ्याकडेही.
बिलात मी लिहिलं: समुद्र, तीस फूट.
ग्रामसेवकांनी टेप आणून मोजला
आणि तीन फुटांचे कापले.

त्या कोऱ्या तीन फुटांत
आता फुलवंता जाळं वाळत घालते.
ऊन तिरपं झालं की
जाळ्याची सावली सरकत सरकत
माझ्या दाडकांवर येते,
आणि एकही पळत नाही.